मोठ्या टेक कंपनीचा इंटरव्ह्यू: १८० प्रॉब्लेम सोडवूनही मॉकमध्ये तोंड का उघडत नाही

तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. फर्मागुढीच्या गोवा इंजिनिअरिंग कॉलेजातून पास झालास, ३ वर्षं पर्वरीच्या एका छोट्या कंपनीत हॉटेल बुकिंगच्या सॉफ्टवेअरवर जावात काम करतोयस, आता एका मोठ्या कंपनीच्या रिक्रूटरचा मेल आलाय आणि हातात ६ आठवडे आहेत. लीटकोड या कोडिंगच्या सरावाच्या साइटवर १८० प्रॉब्लेम झालेत. पण मित्राने मॉक, म्हणजे सरावाचा इंटरव्ह्यू, घेतला तेव्हा आधी सोडवलेलाच प्रॉब्लेम समोर आला आणि तरी १५ मिनिटं तोंडातून शब्द फुटला नाही. म्हणून विचारतोयस की अजून किती करू, ३०० की ५००? शिवाय कॉलेज आयआयटी नाही, इंग्रजी अडखळतं, कामात सांगण्यासारखं काही नाही, अशा तीन काळज्या वेगळ्या.

वयाने बराच लहान असशील म्हणून 'तू' म्हणते. मी फोंड्याचीच, १६ वर्षं झाली या लाइनीत, त्यातली शेवटची ९ वर्षं इंटरव्ह्यू घेणाऱ्यांच्या बाजूला बसतेय, दोन कंपन्या मिळून दोनशेच्या वर इंटरव्ह्यू घेतले असतील. त्यातून जे कळलं तेच लिहिते.

तुझा खरा प्रॉब्लेम आकड्याचा नाहीय. सोडवलेला प्रॉब्लेम समोर येऊनही बोलता आलं नाही, यावरून एवढंच कळतं की १८० च्या १८० तू एकट्याने, रात्री, तोंड मिटून सोडवलेस. आणि कदाचित बऱ्याच वेळा २० मिनिटांनी उत्तर उघडून बघितलंस आणि "हां, समजलं" म्हणून पुढे गेलास. बघून समजणं आणि कोऱ्या पानावर दुसऱ्यासमोर बोलत बोलत लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत. यातल्या दुसऱ्या कामाची प्रॅक्टिस तू अजून एकदाही केलेली नाहीस, मग पहिल्याच खेपेला तोंड बंद पडलं तर त्यात नवल काय. याचा तुझ्या बुद्धीशी संबंध नाही हे आधी डोक्यात पक्कं कर.

आता कशावर काय अवलंबून आहे ते. कंपनी, लेव्हल, टीम, समोर बसलेला माणूस, चारही गोष्टींनी फरक पडतो, त्यामुळे "सगळीकडे असंच असतं" असं सांगणाऱ्याचं ऐकू नकोस, माझंसुद्धा नको. एखादीकडे ४ राऊंड, एखादीकडे ६. कुठे कोड रन करून दाखवायचा असतो, कुठे साध्या डॉक्युमेंटसारख्या पानावर लिहायचा, ऑटोकम्प्लीट नाही, कंपायलर नाही. ३ वर्षांच्या अनुभवाला कुठे सिस्टीम डिझाइनचा, म्हणजे मोठी सिस्टीम कशी उभी करायची याचा, राऊंड असतो, कुठे नसतो, आपल्याकडे भारतात बऱ्याच ठिकाणी क्लास डिझाइनचा राऊंड असतो, म्हणजे पार्किंग लॉट किंवा लिफ्ट असलं काहीतरी. हे अंदाजाने ठरवू नकोस, रिक्रूटरला सरळ मेल टाक: किती राऊंड, कुठले कुठले, कुठल्या लेव्हलसाठी बघताय, एडिटर कुठला, भाषा माझी चालेल ना. लोक घाबरतात की विचारलं तर वाईट दिसेल. अजिबात नाही, तू पास व्हावास हे रिक्रूटरलाही हवंच असतं, आणि ही माहिती द्यायला त्यांना काही अडचण नसते.

आत काय चालतं ते आता सविस्तर सांगते, कारण हे कळलं की तयारीची दिशाच बदलते.

राऊंड साधारण ४५ मिनिटांचा असतो. पहिली ५ मिनिटं ओळखीत जातात, शेवटची ५ तुझ्या प्रश्नांना, म्हणजे कामाची ३५ मिनिटं. त्या ३५ मिनिटांत मी ऐकत असते आणि टाइप करत असते. तुला की-बोर्डचा आवाज येईल, घाबरायचं नाही, ती तुझ्याबद्दलची नोंद चालू असते. कॉल संपला की मी एक रिपोर्ट लिहिते: काय विचारलं, उमेदवाराने आधी काय प्रश्न विचारले, पहिला विचार कुठला मांडला, कुठे अडकला, हिंट किती दिल्या, हिंटवर काय केलं, कोड कसा होता, टेस्ट स्वतः केला की मी सांगितल्यावर. आणि शेवटी माझं मत, घ्यावा की घेऊ नये. गूगलमध्ये हे सगळे रिपोर्ट हायरिंग कमिटीकडे जातात, त्या कमिटीतल्या लोकांनी तुला बघितलेलंही नसतं. ऍमेझॉनमध्ये इंटरव्ह्यू घेणारे एकत्र बसून चर्चा करतात आणि त्यात बार रेझर म्हणून एक बाहेरच्या टीमचा माणूस असतो, त्याच्या शब्दाला वजन असतं. पद्धत वेगळी, पण दोन्हीकडे निर्णय होतो तो लिहिलेल्या नोंदींवर.

म्हणजे तू मनात कितीही हुशार विचार केलास तरी तो माझ्या नोंदीत उतरला नाही तर निर्णय घेणाऱ्यांच्या दृष्टीने तो झालाच नाही. मी "उमेदवार १५ मिनिटं शांत होता, मग बरोबर कोड लिहिला" असं लिहिलं तर कमिटी काय समजणार? पाठ होता असं समजणार, आणि त्यांची काही चूक नाही.

हे मला फार उशिरा कळलं. २०१२ मध्ये माझा पहिला मोठा इंटरव्ह्यू झाला, कंपनीचं नाव घेत नाही, बेंगळुरूला रात्रीच्या बसने गेले होते. ट्रीचा प्रॉब्लेम होता. मी मान खाली घालून २० मिनिटं कागदावर लिहीत बसले, उत्तर बरोबर आलं, वेळेत आलं, समोरचे हसून थँक्यू म्हणाले आणि आठ दिवसांनी नकार आला. मी महिनाभर विचार करत होते की उत्तर बरोबर असताना नकार का. पुढे मी स्वतः रिपोर्ट लिहायला लागले तेव्हा लक्षात आलं की त्या माणसाकडे माझ्याबद्दल लिहायला काही नव्हतंच. फार वाईट वाटलं होतं तेव्हा, म्हणून तुला आधीच सांगतेय.

आता बोलायचं म्हणजे नक्की काय बोलायचं? "थिंक अलाउड" असं सगळे सांगतात, पण उदाहरण कोणी देत नाही. मी देते. समज मी तुला विचारलं: पणजीच्या कदंब स्टँडवर दिवसभरात येणाऱ्या बसेसची यादी आहे, प्रत्येकीची यायची वेळ आणि सुटायची वेळ, तर कमीत कमी किती फलाट लागतील म्हणजे कुठल्याच बसला थांबून राहावं लागणार नाही? हा जुना, सगळ्यांच्या ओळखीचा प्रॉब्लेम आहे, मीटिंग रूमच्या वेषात तू केलाही असशील.

बहुतेक मुलं इथे लगेच "सॉर्ट करतो" म्हणून कोड लिहायला घेतात. थांब. आधी ३ प्रश्न विचार. एक, एक बस ९:३० ला सुटते आणि दुसरी ९:३० लाच येते, तर तोच फलाट चालेल का? हा प्रश्न वरवर फालतू वाटतो पण उत्तर यावरच फिरतं. ३ बसेस घे: ९:०० ते ९:४०, ९:१० ते ९:३०, आणि ९:३० ते १०:००. तोच फलाट चालत असेल तर २ पुरतात, नसेल तर ३ लागतात. कोडमध्ये फरक फक्त "लहान" की "लहान किंवा समान" एवढ्या एका चिन्हाचा. तू हे विचारलंस की मी लगेच नोंदवते, "सीमेवरची केस स्वतःहून ओळखली". दोन, रात्री ११:५० ला येऊन १२:२० ला सुटणारी बस आहे का? असेल आणि वेळापत्रक रोजचंच असेल तर तिचे दोन तुकडे करावे लागतील, एक मध्यरात्रीपर्यंतचा, एक मध्यरात्रीनंतरचा. तीन, बसेस किती? ५०० असतील तर काहीही चालेल, १ लाख असतील तर नाही.

मग साधं उत्तर आधी बोलून दाखव: प्रत्येक बस येते त्या क्षणी तिच्यासकट किती उभ्या आहेत ते मोजायचं, त्यातला सगळ्यात मोठा आकडा म्हणजे उत्तर, कारण गर्दी वाढते ती कुठलीतरी बस येते तेव्हाच, सुटते तेव्हा नाही. हे एन स्क्वेअर झालं, म्हणजे बसेसच्या संख्येच्या वर्गाइतकं काम. ५०० बसेसना अडीच लाख तुलना, क्षणात होतील. १ लाखाला १००० कोटी तुलना, सेकंदाला ढोबळ १० कोटी धरल्या तर १०० सेकंद, म्हणजे चालणार नाही. हे आकडे तोंडाने बोल. नुसतं "एन स्क्वेअर वाईट" म्हणणाऱ्यात आणि "इतक्या डेटाला इतके सेकंद लागतील म्हणून नको" म्हणणाऱ्यात मला फार फरक दिसतो, दुसऱ्याने खरं काम केलंय हे कळतं.

मग चांगलं उत्तर: येण्याच्या वेळा वेगळ्या सॉर्ट करा, सुटण्याच्या वेगळ्या, दोन बोटं ठेवा, जी वेळ आधी ती उचला, आली की १ वाढवा, सुटली की १ कमी करा, वाटेत सगळ्यात मोठा आकडा लक्षात ठेवा. एन लॉग एन, म्हणजे बसेसची संख्या गुणिले तिचा लॉग. १ लाखाला सुमारे १७ लाख पावलं. इथे मुद्दाम एक वाक्य म्हण की कुठली बस कुठल्या फलाटावर हे आपल्याला नको, फक्त संख्या हवी, म्हणून दोन याद्यांची जोडी तुटली तरी चालते. हे वाक्य बोलणारा उमेदवार मला दहात एखादाच भेटतो, आणि ते ऐकलं की पाठ केलंय की समजलंय ही शंकाच राहत नाही.

कोड लिहून झाला की "डन" म्हणून हात वर करू नकोस. वरच्याच ३ बसेस घेऊन ओळीओळीने चालवून दाखव: ९:०० आली १, ९:१० आली २, ९:३० ला सुटली १, आली परत २, उत्तर २. मग रिकामी यादी, मग एकच बस, मग सगळ्या एकाच वेळी आलेल्या. इथे चूक सापडली तरी आनंदाने सांग, स्वतःची चूक स्वतः पकडणारा माणूस सगळ्यांना टीममध्ये हवा असतो.

आणि अडकलास तर? अडकणारच, कधी ना कधी. तेव्हा शांतता पसरू देऊ नकोस. "मला २ मिनिटं विचार करायला द्या" असं म्हणून गप्प बसणं चालतं, न सांगता गप्प बसणं चालत नाही. आणि २ मिनिटांनी काही सुचलं नाही तर जे सुचलं आणि का चालत नाही ते सांग: "हॅश मॅप घेतला असता पण मला क्रम हवाय, म्हणून नको." मग हिंट द्यायला मला जागा मिळते, कारण तू कुठे आहेस ते मला कळलेलं असतं. हिंट घेणं कमीपणाचं नाही, हिंट दिल्यावरही आपलाच हट्ट पुढे रेटत राहणं मात्र महागात पडतं.

आता ६ आठवड्यांचं. नवीन प्रॉब्लेम जवळजवळ बंद कर, आठवड्याला फार तर ८-१०. जुन्या १८० मधले ६० निवड, प्रत्येक प्रकारातले थोडे: ऍरे आणि हॅश मॅप, टू पॉइंटर, स्लाइडिंग विंडो, बायनरी सर्च, ट्री, ग्राफवरचे बीएफएस-डीएफएस (ग्राफ फिरायच्या दोन पद्धती), हीप, आणि डीपीतले, म्हणजे डायनॅमिक प्रोग्रामिंगमधले, साधे. ते परत सोडव, पण दार लावून, मोठ्याने बोलत, ३५ मिनिटांचं घड्याळ लावून, ऑटोकम्प्लीट बंद करून. फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड कर आणि ऐक. पहिल्यांदा ऐकताना नको नको होईल, तरी ऐक, कारण किती वेळा आपण अर्ध्यावर वाक्य सोडून देतो ते त्याशिवाय कळत नाही. एक वही ठेव आणि प्रत्येक चुकलेल्या प्रॉब्लेमपुढे एकच ओळ लिही: मला हे का दिसलं नाही? उत्तर काय होतं ते लिहू नको, का दिसलं नाही ते लिही. "सॉर्टेड होतं हे वाचलंच नाही", "लांबी ठरलेली म्हणजे विंडो हे लक्षात आलं नाही" असं. ३ आठवड्यांत तुझ्या चुकांचे ४-५ च प्रकार आहेत हे तुलाच दिसेल.

डीपीला घाबरून त्यातच महिना घालवणारी मुलं मी बघितलीयत, नको तसं करू. ग्राफ आणि ट्री जास्त येतात माझ्या अनुभवात, पण हेही कंपनीवर आहे.

भाषा बदलू नकोस. पायथनमध्ये कोड छोटा होतो हे खरं, पण ६ आठवड्यांत नवी भाषा घेऊन इंटरव्ह्यूत तिचं सिंटॅक्स आठवत बसण्यापेक्षा हातातली जावा बरी. फक्त जावाच्या खाचाखोचा माहीत असू देत. प्रायॉरिटी क्यू मूळचा मिन हीप असतो, म्हणजे सगळ्यात लहान आकडा आधी देतो. इंटची, म्हणजे साध्या पूर्णांकाची, मर्यादा २१४ कोटींच्या आसपास, त्यामुळे कम्पॅरेटरमध्ये (लहान-मोठं ठरवणाऱ्या कोडमध्ये) सरळ वजाबाकी केली की मोठ्या आकड्यांना घोळ होतो, आणि बायनरी सर्चमध्ये लो अधिक हाय (शोधायच्या भागाची दोन टोकं) करून भागिले २ केलं की तोच घोळ. ही चूक जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत होती आणि कित्येक वर्षं कोणाच्या लक्षात आली नव्हती, २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी त्यावर लिहिलं, ते स्वतः त्या कोडचे लेखक. तू लो अधिक, हाय वजा लो चं अर्धं, असं लिहिलंस आणि का ते एका वाक्यात सांगितलंस की काम झालं.

मॉक आठवड्याला २ तरी हवेत आणि त्यातला एक अनोळखी माणसाबरोबर. मित्र बरा असतो पण मित्रासमोर आपण "अरे ते रे, तुला माहितीय ना" म्हणून सोडून देतो. अनोळखी माणसाला काही माहीत नसतं, त्याला सगळं सांगावंच लागतं.

आता तुझी ती काळजी, की कामात सांगण्यासारखं काही नाही. हे वाचून मला खरंच राहवलं नाही, कारण तू प्रश्नातच सहज लिहून गेलायस की "गेल्या डिसेंबरला एकच रूम दोघांना बुक झाली होती ते निस्तरलं, बाकी रोजचंच काम". अरे, हीच तर गोष्ट आहे! डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कळंगुट-बागेला रूम मिळत नाही तेव्हा दोन माणसं एकाच सेकंदाला एकच रूम धरतात, दोघांच्याही रिक्वेस्टने आधी बघितलं की रूम मोकळी आहे, दोघांनाही हो उत्तर मिळालं, मग दोघांनीही बुकिंग टाकलं. बघणं आणि टाकणं यांच्यामधल्या त्या फटीत सगळा गोंधळ. मोठ्या कंपन्यांत तिकिटं, सीट, स्टॉक, पैसे, सगळीकडे हाच प्रॉब्लेम असतो आणि डिझाइनच्या राऊंडला हाच फिरवून विचारतात. तू काय केलंस? डेटाबेसमध्ये रूम आणि तारीख मिळून युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तीच जोडी दोनदा येऊ न देणारा नियम, लावलास, की ट्रान्झॅक्शनमध्ये ती ओळ लॉक केलीस? का हे निवडलंस, दुसरं का नाही? पेमेंट अडकून माणसाने परत बटण दाबलं तर दोनदा पैसे कापले जाऊ नयेत म्हणून काय? त्यानंतरच्या सीझनला परत झालं का? या प्रश्नांची उत्तरं लिहून काढ, तुझी अर्धी बिहेवियरल (कामातल्या प्रसंगांवरच्या प्रश्नांची) आणि पाव डिझाइनची तयारी इथेच होईल.

यात एक आपल्याकडची अडचण आहे, आणि ती मी गोव्यातल्या जवळजवळ प्रत्येक उमेदवारात बघितलीय. आपण "आम्ही" म्हणतो. "आम्ही मग ते फिक्स केलं", "आम्ही ठरवलं". घरात लहानपणापासून शिकवलेलं असतं, मी-मी करू नये, चारचौघांत स्वतःचं सांगू नये. संस्कार चांगलाच आहे, पण माझ्या नोंदीत "आम्ही" ला जागा नाही. मला लिहायचं असतं या माणसाने काय केलं. मग मी विचारते "त्यात तुमचा भाग कुठला?" आणि उमेदवार अजूनच आक्रसतो, "तसं काही नाही, सगळ्यांनी मिळून केलं". संपलं, मी काय लिहू? म्हणून गोष्ट सांगताना टीमला श्रेय दे, पण हातांचा हिशेब वेगळा ठेव: लॉग मी वाचले, कारण मी शोधलं, कन्स्ट्रेंटची कल्पना सिनियरची होती, जुना डबल झालेला डेटा साफ करायचं स्क्रिप्ट मी लिहिलं, हॉटेलवाल्याला फोन करून मीच समजावलं. यात फुशारकी कुठेच नाही, नुसता खरा हिशेब आहे. असे ५-६ प्रसंग लिहून काढ, त्यात एक चुकलेला आणि एक कोणाशी मतभेद झालेला हवाच. ऍमेझॉन असेल तर त्यांची १६ लीडरशिप प्रिन्सिपल्स त्यांच्या वेबसाइटवर उघड ठेवलेली आहेत, प्रत्येक प्रसंग त्यातल्या कशाशी जुळतो ते बघून ठेव, तिथे प्रत्येक राऊंडला त्यावरचे प्रश्न येतात.

इंग्रजीचं. घरी कोंकणी, शाळा मराठीतून, अकरावीपासून सगळं इंग्रजी, माझंही तसंच झालं. समोरचा माणूस तमिळ, तेलुगू, कदाचित पोलंडचा असेल, त्याचंही इंग्रजी त्याच्या घरचंच असतं. व्याकरण कोणी नोंदवत नाही, नोंदवतात ते समजलं की नाही. हळू बोल, छोटी वाक्यं कर, प्रश्न कळला नाही तर परत विचार, आणि प्रश्न आपल्या शब्दांत परत सांगून "बरोबर समजलो ना?" असं विचार. मोठ्याने प्रॉब्लेम सोडवायची जी प्रॅक्टिस वर सांगितली ती इंग्रजीतच कर, ६ आठवड्यांत नेहमी लागणारी वीसेक वाक्यं जिभेवर बसतात आणि खरं तर तेवढीच लागतात.

कॉलेजचं तर एका ओळीत सांगते. कॉल आला तिथेच कॉलेजचा विषय संपला, त्यानंतर रिपोर्टात कॉलेज कोणी लिहीत नाही. फर्मागुढीला एकाच आवारात आयआयटी गोव्याची मुलं बघत तू शिकलास, त्यामुळे ते मनात बसलं असेल, समजू शकते.

घरच्या व्यवस्थेबद्दल मात्र थोडं जास्त लिहिते कारण यात आपली माणसं हकनाक मार खातात. तुझा ६ आठवड्यांचा हिशेब पकडला तर इंटरव्ह्यू चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आसपास येतोय. घरात पाहुणे, आरत्या, भजन, गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान, आई प्रत्येक १० मिनिटांनी हाक मारणार, आणि तू आत बसून ग्राफ सोडवतोय असं होणार नाही, आणि होऊही नये. रिक्रूटरला आत्ताच सांग की त्या आठवड्यात घरी सण आहे, १० दिवस पुढची तारीख द्या. वेळेवर मागितली तर तारीख बहुतेक मिळते, आदल्या दिवशी मागितली तर तोंड वाईट होतं.

पावसात वीज जाणार हे धरूनच चाल. आपल्याकडे इन्व्हर्टर असतो पण त्यावर पंखा आणि दिवा असतो, राउटर नसतो! आजच बघून घे राउटर कुठल्या सॉकेटवर आहे, आणि फायबरचा तो छोटा डबा असेल तर तोही इन्व्हर्टरवर हवा. फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला आधीच जोडून ठेव म्हणजे ऐनवेळी पासवर्ड शोधायला नको. आणि तरीही कॉल तुटला तर लगेच परत जोड, शांतपणे "वीज गेली होती" म्हण आणि जिथे होतो तिथून पुढे चालू कर. माझ्या एका उमेदवाराचा कॉल ३ वेळा तुटला होता आणि दर वेळी तो "आपण दुसऱ्या लूपपाशी होतो" असं म्हणून सुरू करायचा. मी ते रिपोर्टात लिहिलं होतं, चांगल्या बाजूला.

घरात शांतता नसेल तर पणजीला पाट्टोच्या सेंट्रल लायब्ररीत अभ्यासाला बस, १८३२ पासूनची लायब्ररी आहे आपली, देशातल्या सगळ्यात जुन्या पब्लिक लायब्रऱ्यांपैकी, आणि जागा खरंच छान आहे. बोलून प्रॅक्टिस तिथे होणार नाही अर्थात, ती घरीच.

एक गंभीर गोष्ट. दुसऱ्या स्क्रीनवर एआय उघडून उत्तरं वाचणं करू नकोस. आम्हाला कळतं. डोळे एका ओळीवरून सरकतात, आणि "हे का केलं" विचारलं की ३ सेकंद थांबून पुस्तकी उत्तर येतं. काही कंपन्या याच कारणाने परत एखादा राऊंड ऑफिसात बोलावून घेऊ लागल्यात. तयारीला मात्र खुशाल वापर, इंटरव्ह्यू घेणारा हो आणि मला उलटसुलट प्रश्न विचार असं सांग, फायदा होतो. ऑफिसात बोलावलं तर तिकीट काढताना विमानतळ मोपा की डाबोळी ते नीट बघ, फोंड्याहून दोन्हीच्या वेळेत बराच फरक आहे.

पगाराचं आत्ता नको. ऑफर हातात आली की वेगळं विचार, तेव्हा स्टॉक, ४ वर्षांचं व्हेस्टिंग (तो स्टॉक टप्प्याटप्प्याने आपल्या नावावर होणं) वगैरे सगळं सांगेन. एवढंच कर की रिक्रूटरने पहिल्याच फोनला "अपेक्षा किती" विचारलं तर घाईने आकडा देऊ नकोस, या लेव्हलची रेंज काय आहे ते त्यालाच विचार.

आणि शेवटी तू विचारलंयस, नाही झालं तर? बहुतेक ठिकाणी ६ महिने ते १ वर्षाने परत बसता येतं. मी त्या २०१२ च्या नकारानंतर १४ महिन्यांनी दुसरीकडे बसले आणि घेतलं मला. चांगल्या उमेदवारालाही नकार जातो, समोरचा थकलेला असतो, प्रश्न बसत नाही, जागा भरलेली असते, हे मी आतून बघितलंय. कॉल संपल्यावर त्याच संध्याकाळी काय विचारलं आणि कुठे अडकलो ते वहीत लिहून ठेव, दुसऱ्या दिवशी अर्धं विसरायला होतं.

रिक्रूटरचं उत्तर आलं की राऊंड कुठले आणि तारीख काय ते इथे खाली लिही. एक मॉक मी घेते, शनिवारी संध्याकाळी ५ नंतर मोकळी असते. त्या डबल बुकिंगची गोष्ट लिहून तयार ठेव, सुरुवात तिथूनच करू.